बंदुकीचा हिशेब

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात स्मृतिस्तंभापुढे ध्वज फडकतो. संदेश वाचले जातात, पोलीस मानवंदना देतात, शाळकरी मुले उन्हात तिष्ठत उभी राहतात आणि तासाभरात उद्यान पुन्हा रिकामे होते. निजामी राजवटीत या जिल्ह्याने १९४७-४८ च्या तेरा महिन्यांत काय सोसले आणि काय केले, हे त्या तासाभरात क्वचितच कोणी सांगतो. सांगितलेच, तर रझाकारांच्या अत्याचारांची यादी सांगितली जाते, आणि त्या यादीच्या टोकाला आजच्या एखाद्या निवडणुकीचा दोरा बांधलेला असतो. लोकांनी शस्त्र उचलले ते कोणासाठी, ते शस्त्र कोणाच्या आज्ञेत होते आणि ते खाली ठेवल्यावर गावात काय उरले, हे अवघड प्रश्न समारंभाच्या पत्रिकेत बसत नाहीत.

हेच प्रश्न अफगाणिस्तानच्या निमित्ताने आज पुन्हा पुढे आले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानी राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीरखान मुत्तकी दिल्लीत आले. त्यांच्या पहिल्या पत्रपरिषदेत एकाही स्त्री-पत्रकाराला प्रवेश मिळाला नाही. गहजब झाल्यावर दुसरी परिषद घेण्यात आली. त्याआधी जुलैमध्ये रशियाने या राजवटीला रीतसर मान्यता दिली होती. ज्या मॉस्कोने १९७९ च्या डिसेंबरात काबूलमध्ये फौजा उतरवल्या, त्याच मॉस्कोने! अशा वेळी साम्राज्यशाहीविरोधाच्या शाळेत शिकलेल्या एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या मनात संभ्रम उत्पन्न झाला तर नवल नाही. ज्या डोंगरी लोकांनी प्रथम सोव्हिएत रणगाड्यांना आणि नंतर अमेरिकी विमानांना परत पाठवले, त्यांचा गौरव करायचा की नाही? परकी फौजेविरुद्ध लढतो तो आपला, एवढे पुरेसे आहे काय? आणि पुरेसे नसेल, तर आपल्याच जिल्ह्यातील १९४८ च्या बंदुकांना कोणत्या न्यायाने वंदन करायचे?

या प्रश्नाचे उत्तर हिंदुकुशाच्या डोंगरात शोधण्याआधी पैनगंगेच्या काठी शोधलेले बरे. कारण हा मुलूख गनिमी लढ्याला नवखा नाही. १८१९ च्या जानेवारीत याच टापूतील नोव्हाच्या गढीत हटकरांचा नायक नोवसाजी नाईक निजामाच्या फौजेशी भिडला. फौज निजामाची, पण तिचे अधिकारी इंग्रज. रेसिडेंट रसेल याच्या नावाने ती ओळखली जाई. गढी पडली, आतले बहुसंख्य लोक कापले गेले, आणि त्या फौजेच्या पलटणींनी 'नोव्हा' हे नाव युद्धसन्मान म्हणून आपल्या निशाणावर मिरवले. आज नोवसाजीची कथा सांगताना त्याच्या गढीत लढणाऱ्यांत अरब शिपाईही होते, ही गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. गावाची लढाई धर्माच्या चौकटीत कोंबली की इतिहासातून सर्वप्रथम असे लोक हद्दपार होतात.

त्यानंतरच्या शतकात निजामी राज्याचा सांगाडा बदलला नाही. दरबाराची भाषा उर्दू आणि शेतात राबणाऱ्याची मराठी, जमीन जहागीरदारांची आणि कष्ट कुळांचे, जकात करोडगिरीच्या नाक्यावर आणि वेठ घराघरात. राजकीय संघटनेला मज्जाव असल्यामुळे भाषिक परिषदांच्या आडून लोकांनी बोलायला सुरुवात केली. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली ते जालन्याला जोडले गेले. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह सत्याग्रही तुरुंगात गेले. येथवरचा मार्ग निःशस्त्र होता. तो पुढेही तसाच राहावा अशी स्वामीजींची इच्छा होती. परंतु ७ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदी संघराज्यात विलीनीकरणाची मागणी करीत जे आंदोलन सुरू झाले, त्याला उत्तर देण्यासाठी निजामाने कायद्याऐवजी कासिम रझवीच्या स्वयंसेवकांना मोकळे सोडले.

रझाकार म्हणजे परकी फौज नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. लातूरचा एक वकील त्यांचा पुढारी होता, आणि गावोगावचे रझाकार त्या त्या गावाच्या आसपासचेच होते. निजामाचे घराणेही दोन शतकांहून अधिक काळ याच मातीत नांदत होते. तेव्हा काबूलवर उतरलेली लाल सेना आणि वसमतच्या बाजारात भाले नाचवणारी टोळी यांना एका मापाने मोजता येणार नाही. आणि तरीही, कुळाच्या झोपडीच्या दारातून पाहिले तर चित्र एकच दिसते: ज्याला आपण निवडले नाही, ज्याची भाषा कचेरीत आपल्याला कळत नाही, जो धान्याची लेव्ही घेतो पण दाद घेत नाही, असा सत्ताधीश बंदूक घेऊन दारात उभा आहे. अशा सत्तेपुढे मान तुकवायची की घर सोडायचे, एवढीच निवड ज्यांच्यापुढे राहिली, त्यांनी तिसरी वाट काढली. गुरेढोरे, बायकामुले घेऊन हजारोंनी पैनगंगा ओलांडली आणि वऱ्हाड गाठले. आणि त्यांच्यातलेच काही तरुण रात्री उलट दिशेने नदी ओलांडू लागले.

हद्दीवरची शिबिरे अशी उभी राहिली. परभणी-नांदेडच्या बाजूला उमरखेडचे शिबिर. पुढे 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले अनंत भालेराव याच शिबिरातले. हत्यारे कसली, तर भरमार बंदुका, गावठी बॉम्ब, क्वचित एखादी चांगली रायफल. करोडगिरीचे नाके जाळणे, तारा तोडणे, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे ताब्यात घेणे, लेव्हीचे धान्य रोखणे, शिंदीची झाडे तोडून सरकारचे उत्पन्न बुडवणे, रझाकारांच्या ठाण्यांवर अवचित छापा घालून पहाटेच्या आत हद्दीपार होणे, हा त्यांचा गनिमी कावा. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे असेच लढता लढता पडले; वसमतच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. अनेकांची नावे कशालाच नाहीत. ज्या गावांनी त्यांना भाकरी दिली, त्या गावांनी दुसऱ्या दिवशी जाळपोळ भोगली. गनिमी लढ्याची खरी किंमत नेहमी अशा गावांनीच मोजलेली असते, छापा घालणाऱ्याने नव्हे. अफगाण खेड्यांचा अनुभवही याहून निराळा नाही.

या शिबिरांमधील बंदूक स्वतंत्र नव्हती, ही तिची मोठी शिकवण आहे. स्वामीजी १५ ऑगस्ट १९४७ रोजी पकडले गेले. जैसे थे करारानंतर सुटले आणि २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा तुरुंगात गेले. त्या काळात दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समिती लढ्याची सूत्रे सांभाळत होती. शिबिराला प्रमुख होता, प्रमुखाच्या वर समिती होती, समितीच्या वर तुरुंगात का होईना पण लोकांनी मानलेला नेता होता. छापा कोठे घालायचा, कोणाला हात लावायचा नाही, पैसा कोठून आणायचा याबद्दल वाद होत, मतभेद टोकाला जात. पण वाद घालायला जागा होती.

३० जानेवारी १९४८. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर शिबिरातील तरुणांनी छापा घातला आणि सुमारे वीस लाखांची रक्कम हद्दीपार नेली. दिल्लीत त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. निजामी खजिन्यातला पैसा घेऊन परतणाऱ्यांच्या कानावर ती बातमी कशी पडली असेल, याची कल्पनाही करवत नाही. त्या काळी वीस लाख म्हणजे अनेक गावे विकत घेण्याइतकी दौलत. ज्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता आणि ज्यांना कोणी पावती मागणार नव्हते, त्या पोरांच्या हाती ती पडली. तिचा हिशेब ठेवला गेला, तो वर सादर झाला, ही गोष्ट त्या लढ्यातील माणसे अखेरपर्यंत छापा यशस्वी झाल्यापेक्षाही अधिक अभिमानाने सांगत. सैनिकाच्या शौर्याच्या कथा सर्व देशांत सारख्याच असतात. पण लुटलेल्या पैशाचा हिशेब देणारी सेना विरळा. पुढे याच मराठवाड्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली, हा त्या हिशेबी पोरांचा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

आता उमरखेडवरून पेशावरकडे पाहावे. दोहोंत बाह्य साम्य बरेच आहे. सीमेपलीकडे आश्रय, निर्वासितांच्या छावण्या, रात्रीचे छापे, आणि आश्रय देणाऱ्या सरकारची अर्धवट उघडी, अर्धवट मिटलेली नजर. हिंदी संघराज्याच्या डोळेझाकीवाचून हद्दीवरची शिबिरे आठवडाभरही टिकली नसती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. निजामाच्या बाजूनेही बाहेरून शस्त्रे येतच होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरून ती आणीत होता. परक्याची मदत घेतली म्हणून लढा खोटा ठरत नाही. मदत करणारा लढ्याचा धनी झाला, म्हणजे मात्र तो ठरतो.

अफगाणिस्तानात नेमके हेच घडले. पण ते सांगण्याआधी, समाजवादाच्या नावाने झालेले पहिले पाप सांगितले पाहिजे. एप्रिल १९७८ मध्ये काबूलच्या लष्करी बंडातून तेथील 'खल्क-परचम' पक्ष सत्तेवर आला. त्याने कर्जमाफीचे, वधूमूल्याच्या बंदोबस्ताचे, स्त्रियांच्या साक्षरतेचे आणि जमिनीच्या फेरवाटपाचे फर्मान काढले. प्रथम प्रतीची तीस जरीब जमीन, म्हणजे सुमारे पंधरा एकर, ही कमाल मर्यादा. कागदावर यातील एकेक कलम असे की परभणीच्या कोणत्याही कार्यकर्त्याने त्याखाली सही करावी. परंतु त्या कुळाला बियाणे, बैल आणि पाणी मिळत होते ते जमीनदाराकडूनच. काबूलने जमीनदाराचा हात तोडला, त्याच्या जागी पतपेढी उभी केली नाही, पाटाच्या पाण्याची व्यवस्था लावली नाही, आणि गावातल्या कुळांची समिती तर कोणाच्या मनातही आली नाही. बंदूकधारी शिपायाच्या पहाऱ्यात प्रौढ साक्षरतेचे वर्ग भरू लागले. विरोध करणाऱ्यांनी तुरुंग भरले, आणि मार्च १९७९ मध्ये हेरात पेटले. जी क्रांती कुळाला विचारीत नाही, तिच्या विरोधात कुळ जमीनदाराच्या मागे उभे राहते.

त्या वर्षाअखेर सोव्हिएत फौजा आल्या, राष्ट्राध्यक्ष हफिजुल्ला अमीन यांना त्यांनी राजवाड्यात ठार केले आणि बब्रक करमल यांना गादीवर बसवले. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ विरुद्ध १८ मतांनी परकी फौजा माघारी जाव्यात असा ठराव झाला. भारताने मतदानात भाग घेतला नाही. मैत्रीच्या कराराची गरज समजण्यासारखी आहे. पण ज्या परंपरेत जयप्रकाशांनी १९५६ साली हंगेरीच्या बाजूने आवाज उठवला, आणि ज्या परंपरेतून आलेल्या अशोक मेहतांनी १९६८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्या परंपरेला काबूलच्या बाबतीत गप्प बसण्याची मुभा नव्हती. रणगाड्यावर बसून आलेला समाजवाद हा समाजवाद नव्हे. जे हे त्या वेळी म्हणाले त्यांना प्रतिगाम्यांचे हस्तक ठरवण्यात आले, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल.

मात्र, सोव्हिएत आक्रमण चूक म्हणून त्याविरुद्ध उठलेली प्रत्येक बंदूक बरोबर, असेही नव्हे. लढणारा अफगाण शेतकरी आपल्या घरासाठी लढत होता, यात शंका नाही. त्याने दहा वर्षे जे सोसले त्याला इतिहासात तोड थोडी. पन्नास लाखांहून अधिक माणसे पाकिस्तान व इराणमध्ये पांगली, लाखोंनी मेली. पण त्याच्या हाती बंदूक यायची ती पेशावरमधून. तेथे सात पक्षांना मान्यता होती. त्यांच्याबाहेरच्याला काडतूसही मिळत नसे. पैसा अमेरिकेचा आणि सौदी राजघराण्याचा, वाटप पाकिस्तानी लष्कराच्या गुप्तचर खात्याचे. त्या खात्याने सर्वांत मोठा वाटा दिला तो गुलबुद्दीन हिकमतयार यांना, आणि तो सर्वांत अधिक लढले म्हणून नव्हे, तर ते सर्वांत अधिक सोयीचे होते म्हणून. पंजशीरच्या खोऱ्यात अहमदशाह मसूद यांनी एकामागून एक सोव्हिएत मोहिमा परतवल्या, तरी त्यांच्या वाट्याला त्या मानाने थोडेच आले. ज्या राष्ट्रवाद्यांना, ज्या डाव्यांना, ज्या स्त्रियांना मॉस्को नको होते आणि मुल्लाही नको होते, त्यांना पेशावरमध्ये दारच नव्हते. 'रावा' या अफगाण स्त्रियांच्या क्रांतिकारी संघटनेच्या संस्थापक मीना या दोन्ही जोखडांविरुद्ध लिहीत आणि लढत होत्या. फेब्रुवारी १९८७ मध्ये क्वेट्टा येथे त्यांचा खून झाला. मुक्तिसैन्याचा हिशेब वॉशिंग्टन, रियाध आणि इस्लामाबाद तपासू लागले की कोण जगावे हेही तिकडेच ठरते.

एक माणूस या सर्वांहून वेगळा होता. सरहद्द गांधी खान अब्दुल गफारखान यांनी बंदुकीच्या मुलखात दहा-दहा हजारांची निःशस्त्र संघटना उभी केली होती. जानेवारी १९८८ मध्ये ते वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार जलालाबादेत त्यांचे दफन झाले. त्या दिवसापुरते दोन्ही बाजूंनी युद्ध थांबवले. तरीही अंत्ययात्रेला आलेल्यांमध्ये बॉम्ब फुटले आणि माणसे मेली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटचा सोव्हिएत सैनिक परतला. त्यांचे सुमारे पंधरा हजार जवान कामी आले होते. १९९२ साली नजिबुल्ला यांचे सरकार कोसळले, आणि विजयी मुजाहिदीनांनी काबूल आपसांत वाटून घेण्यासाठी त्याचे जे हाल केले, ते दहा वर्षांत सोव्हिएत फौजेनेही केले नव्हते. हिकमतयार यांची रॉकेटे शत्रूच्या नव्हे, आपल्याच राजधानीच्या वस्त्यांवर पडत होती. त्या अराजकाला विटलेल्या लोकांनी १९९६ साली तालिबानला प्रतिकारावाचून वाट दिली. २००१ साली अमेरिका आली, वीस वर्षे राहिली, जिल्ह्याजिल्ह्यात जुन्याच सरदारांना डॉलर वाटून तिने आपले राज्य चालवले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये विमानांच्या चाकांना लोंबकळणाऱ्या माणसांकडे पाठ फिरवून निघून गेली. आज तेथे सहावीपुढे मुलींना शाळा नाही. परकी फौज गेली. देश स्वतंत्र झाला. आणि त्या देशातली अर्धी माणसे घरात कोंडली गेली.

येथे परभणीकर वाचकाने समाधानाचा सुस्कारा सोडू नये. आपली बंदूक हिशेबी होती, त्यांची नव्हती, एवढे म्हणून हात झटकता येणार नाहीत. कारण १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या दिवसांचा हिशेब अजून बाकी आहे.

हिंदी फौजा १३ सप्टेंबरला संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती दिली. हा वेगच एका अर्थी घातक ठरला. शिबिरातील तरुणांच्या हाती सत्ता आली नाही. ती जनरल चौधरी यांच्या लष्करी प्रशासनाकडे आणि नंतर मुलकी अधिकाऱ्यांकडे गेली. रझाकार पळाले किंवा पकडले गेले. पण ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशा मुसलमान विणकरांवर, शेतमजुरांवर, शिक्षकांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्या वर्षाअखेर संस्थानभर फिरून अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज, अगदी जपून केलेला, २७ ते ४० हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. काही ठिकाणी गणवेशातील माणसांनी लुटीला हातभार लावल्याचे, तर काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवल्याचेही समितीने नोंदवले. सरकारने तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. रझाकारांचे अत्याचार हे या हत्यांचे समर्थन होऊ शकत नाही. तसे म्हणणारा कासिम रझवीचाच तर्क उलटा करून वापरतो.

शिवाय, १९४८ ची लढाई दोन धर्मांची नव्हती, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांतूनच दिसते. 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला, रझाकारांच्या दहशतीवर टीका केली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना हैदराबादच्या रस्त्यात ठार करण्यात आले. सात नामवंत मुसलमानांचे विलीनीकरणाची मागणी करणारे पत्रक त्यांनी छापले होते. स्टेट काँग्रेसमध्ये सिराज-उल-हसन तिरमिझी होते. उलटपक्षी तेलंगणात विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी यांच्यासारखे हिंदू जमीनदार निजामी व्यवस्थेचे खांब होते. दलितांना निजामाच्या बाजूला ओढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सावध केले. कोण कोठे उभा राहिला हे पुष्कळदा जमिनीवरून ठरले, देवळा-मशिदीवरून नव्हे.

आणि म्हणूनच खरा प्रश्न जमिनीचा. शेजारच्या तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीन हजार गावांत शेतकऱ्यांनी जमीनदार हाकलून दहा लाख एकर जमीन वाटून घेतली, असा त्या चळवळीचा दावा आहे. तिच्यातील शस्त्रवादाबद्दल आणि १७ सप्टेंबरनंतरही लढा चालू ठेवण्याच्या निर्णयाबद्दल समाजवाद्यांचे मतभेद राहिले, ते आजही आहेत. परंतु तेथे बंदुकीने निदान कुळाच्या पायाखाली जमीन आणली. मराठवाड्यात करोडगिरीचा नाका जळाला, जहागीर १९४९ साली रद्द झाली, १९५० साली कुळकायदा आला आणि 'संरक्षित कूळ' हा शब्द कागदावर उमटला. अ. म. खुस्रो यांनी जहागिरी निर्मूलनाचा जो अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला, त्यात या संरक्षणाचे काय झाले ते आकड्यांत मांडले आहे: चार वर्षांच्या आत निम्म्याहून कमी कुळे संरक्षित राहिली, पाचातील एकाहून अधिक कुळे बेकायदा हुसकावली गेली, आणखी कित्येकांनी 'स्वखुशीने' जमीन सोडल्याचे लिहून दिले. त्या स्वखुशीचा अर्थ गावाकडच्या माणसाला उलगडून सांगण्याची गरज नाही. ज्या पाटलाने मुक्तिसंग्रामात शिबिराला धान्य पोचवले, त्याच पाटलाने १९५२ साली आपले कूळ उठवले, असे जेथे घडले तेथे त्या कुळाला कोणापासून मुक्ती मिळाली? लोकांना हे कळत नव्हते असे नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना पाठवले, काँग्रेसला नव्हे.

२०२२ पासून १७ सप्टेंबरच्या नावावरून नवी झोंबाझोंबी सुरू आहे. केंद्र सरकार हैदराबादेत 'मुक्ती दिन' साजरा करते, तेलंगण सरकारने त्याला आधी 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटले, मग सत्ता बदलल्यावर नाव बदलले. मराठवाड्यात नावाचा वाद नाही, पण त्या दिवसाची व्यासपीठे हळूहळू अशांच्या हाती जात आहेत, ज्यांच्या वैचारिक पूर्वजांचा उमरखेडच्या हिशेबवहीत कोठे ठिपकाही सापडत नाही, आणि जे शोएबुल्ला खान यांचे नाव चुकूनही उच्चारीत नाहीत. ही व्यासपीठे त्यांना आंदण देण्यात कार्यकर्त्यांचाच आळस अधिक कारणीभूत आहे. कबूल केलेले बरे.

येत्या १७ सप्टेंबरला परभणी आणि हिंगोली या दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी ध्वजवंदनानंतर घरी न जाता दोन कामे हाती घ्यावीत. लढ्यातील जी वृद्ध माणसे किंवा त्यांची मुलेबाळे पैनगंगेच्या काठच्या गावांत अद्याप आहेत, त्यांच्याकडून गाववार तोंडी नोंदी घ्याव्यात. भाकरी कोणी दिली, घर कोणाचे जळले, आणि सप्टेंबरनंतर मोहल्ल्यातील कोणाला कोणी लपवले, हे सगळे त्यात यावे. दुसरे, प्रत्येक तालुक्याच्या तहसील कचेरीत १९५० च्या कायद्याखालील संरक्षित कुळांच्या नोंदवह्या पाहण्यासाठी रीतसर अर्ज करावेत आणि त्यातील नावे आजच्या सात-बाराशी ताडून पाहावीत. अर्ज करताना नक्कल फी लागेल, तारखा पडतील, वही सापडत नाही असे उत्तर मिळेल. जिंतूर, सेलू, वसमत आणि कळमनुरी या चार तालुक्यांपासून सुरुवात करावी. दिवाळीपूर्वी पहिल्या याद्या तयार व्हाव्यात, आणि त्या ग्रामसभेत नावानिशी वाचून दाखवाव्यात.